तांबडी वाइन आणि बाहेर ठेवलेलं पातेलं

मी एक जुनी, रिकामी बाटली आहे. मस्कतजवळच्या अल हैलमध्ये एका मराठी घराच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी उभी असते. माझ्या तोंडातून आता मनीप्लांटची वेल बाहेर आलेली आहे. येणारे-जाणारे म्हणतात, किती छान दिसते. मित्रांनो, छान दिसत असेन, पण मी रागावलेली आहे. इतकी वर्षं झाली तरी तो राग गेलेला नाही. वाइनच्या बाटलीचं काय ऐकायचं, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. तुम्ही मोठेपणीसुद्धा मला हात लावला नाहीत, तरी माझी काही तक्रार नाही. पण जे झालं ते माझ्यादेखत झालं, आणि ते कुणीतरी सांगायला हवं.

माझा जन्म स्पेनमधल्या आरागॉन प्रांतातला. तिथली जमीन पाहिलीत तर तुम्हाला कीव येईल. जिकडे तिकडे दगडगोटे, वर कोरडा, झोंबरा वारा. आमच्या वेली मांडवावर चढवलेल्या नव्हत्या, म्हाताऱ्या माणसांसारख्या वाकून जमिनीलगत बसलेल्या होत्या. माझ्यात तीन जातींची द्राक्षं होती. गार्नाचाने मला भरदार अंग दिलं, तेम्प्रानिल्योने वास आणि कणा दिला, आणि कारिन्येनाने दिली आंबटसर धार आणि हा रंग, जो कपड्यावर सांडला तर जन्मात निघत नाही. तिघांचा मेळ जमायला लाकडी पिंपात बराच काळ जावा लागला.

द्राक्षं खुडायला येणारे मजूर दुपारी तिथेच जेवायचे. छाटलेल्या वेलींच्या काटक्यांची आग करून तिच्यावर मेंढीच्या फासळ्या भाजायचे. पण फासळ्या एखाद्याच दिवशी. एरवी गावातलं चांगलं मटण पैसेवाले घेऊन जायचे आणि मजुरांच्या वाट्याला यायची मेंढीची आतडी, पोट आणि पाय. ते सगळं लसूण आणि वाळक्या लाल मिरच्या घालून मोठ्या भांड्यात रटरटत ठेवायचे. त्याच्याबरोबर गावची तांबडी वाइन, एका सुरईतून सगळ्यांना. हेच माझं खानदान. माझ्या अंगावर जो कागद चिकटवला आहे, त्यावर सोनेरी मुकुट आणि किल्ला आहे. तो किल्ला आमच्या गावात नाही, कधी नव्हताही. विकण्यासाठी काढलेलं चित्र आहे ते. पण माझ्या आयुष्यात जो कुणी आला, त्याने तो किल्लाच पाहिला.

जहाजातून मी ओमानला आले. मत्रहच्या बंदरावर कंटेनरमध्ये तापले, मग एका दुकानाच्या गार कोठारात पडून राहिले. इथे परवाना असलेल्या बिगरमुस्लिम माणसालाच दारू विकत घेता येते. दोन हजार सालच्या मार्च महिन्यात असाच परवाना घेऊन अश्विन नावाचा इंजिनिअर आला. तो मूळचा अकोल्याकडचा, नोकरी अल खुवैरमधल्या एका कंपनीत. त्याला नुकतीच बढती मिळाली होती. त्याने माझा किल्ला पाहिला, मुकुट पाहिला आणि मला घरी आणलं.

घरी आणून काय केलं? दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात उभं केलं! समोर पश्चिमेची खिडकी. दुपारभर ऊन थेट माझ्या अंगावर. वाइनची बाटली आडवी ठेवायची असते, म्हणजे बूच ओलं राहतं. अंधारात, गारव्यात ठेवायची असते. अश्विन शिकलेला माणूस. इमारतीला किती ऊन लागेल याचा हिशेब तो ऑफिसात बसून करायचा. माझ्या बाबतीत मात्र त्याने एकदाही विचार केला नाही. पाहुणे आले की बोट दाखवायचा. "स्पॅनिश आहे. स्पेशल ऑकेजनला उघडणार." त्याची बायको प्रणाली म्हणायची, "अरे, मग उघड की एकदा." तो म्हणायचा, "तशी माणसं येऊ देत."

तशी माणसं म्हणजे कशी, हे मला पुढे कळलं.

मे महिन्यात अश्विनची आई आली. लीलावतीबाई. वडील वारल्यावर त्या मूर्तिजापूरला एकट्याच होत्या, म्हणून लेकाने त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी आयुष्यभर जिनिंग मिलमध्ये कापूस निवडला होता. बुटक्या, काटक, मोठ्या आवाजाच्या. आल्या दिवशी त्यांनी पिशवीतून बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर काढली आणि ठेवण्यासाठी चांगली जागा शोधू लागल्या. कपाट त्यांना आवडलं. मग मी दिसले.

"अश्विन, हे काय होय बाबू?"

"शोपीस आहे, आई."

"शोपीसले बूच राह्यते काय?"

प्रणाली तोंड फिरवून हसली.

"दारू पेनार नाही, हे पाचवं शील रोज म्हनतो आपन," लीलावतीबाई म्हणाल्या. "तू काय पेतं, काय नाही पेत, ते तुह्यं तू पाह्य. पन बुद्धाशेजारी हे राहनार नाही."

त्यांनी मला उचललं, आपल्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलं आणि स्वयंपाकघरालगतच्या कोठीत, तांदळाच्या पिंपामागे, फरशीवर आडवं सारून दिलं. तिथे अंधार होता. फरशी गार होती. मित्रांनो, अख्खा उन्हाळा त्या काचेत काढला असता तर माझा काढा झाला असता. ज्यांना मी मिरवायला हवी होते, त्यांनी मला उन्हात उभं केलं. आणि ज्या बाईला मी घरातही नको होते, तिने मला जशी ठेवायला हवी तशी ठेवली. माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे, हे मला कळतं. पण उपकार तो उपकारच.

त्या कोठीत पडून मी घर ऐकायला शिकले, आणि त्याहून जास्त, हुंगायला शिकले. लीलावतीबाई सुकं खोबरं थेट गॅसच्या आचेवर काळं होईस्तोवर भाजायच्या. कांदा तसाच भाजायच्या. दगडफूल, शहाजिरं, खसखस, लसूण. वांग्याचं भरीत करायच्या तेव्हा वांग्याच्या सालीचा धूर दाराच्या फटीतून आत यायचा आणि मी बुचापर्यंत शहारायचे. माझं आणि धुराचं फार जुनं नातं आहे.

आणि मग एका हिवाळी शुक्रवारी वजडी आली.

आदल्या दिवशी सगळे रुस्ताक नावाच्या गावाला गेले होते. तिथल्या बाजारात एका खाटकाकडे लीलावतीबाईंनी बकऱ्याची वजडी पाहिली, म्हणजे पोट आणि आतडी. त्यांना अरबी येत नव्हतं आणि त्याला मराठी, पण दोघांचं जमलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी ती गरम पाण्यात घासून घासून पांढरीशुभ्र केली, हळद-मीठ लावून शिजत टाकली आणि काळ्या मसाल्याच्या वाटणात सोडली. प्रणालीच्या पोटाला सोसत नाही म्हणून तिखट बेतानंच घातलं. घरभर वास सुटला. मी त्या लुगड्यात पडल्या पडल्या ओळखलं. लसूण, वाळकी मिरची, चरबी, धूर. हे माझ्याच मजुरांचं भांडं होतं! कुठलं आरागॉन आणि कुठलं मूर्तिजापूर, पण वाट्याला आलेलं मांस तेच आणि ते चवदार करायची जिद्दही तीच.

मला वाटलं, आता मला कुणीतरी बाहेर काढेल. आणि खरंच, कोठीचं दार उघडलं. अश्विनच होता. लुगडं सोडवून त्याने मला हातात घेतलं, पण त्याचा चेहरा पडलेला होता.

त्याच दिवशी दुपारी त्याच्या खात्याचे मुख्य, तानाजीराव, आपल्या पत्नीला, वसुंधराताईंना, घेऊन जेवायला येणार होते. अश्विनने सगळं जेवण हॉटेलातून मागवलं होतं. पनीर टिक्का, पुदिन्याची चटणी, चीजचे तुकडे, बटर चिकन, गुलाबजाम. आईला त्याने सांगितलंही होतं, की आज तू आराम कर. पण वजडी शिळी होईल म्हणून त्यांनी पहाटेच उठून करून टाकली होती.

"आई, काय हे! किती वास सुटलाय!"

"वास नाही तं काय सुटीन? वजडी हाये ते."

"अगं, ते लोक येतायत. वसुंधराताईंना हे असलं चालत नाही. काय म्हणतील? प्रणाली, खिडक्या उघड. पंखे लाव. आणि ते पातेलं मागच्या अंगणात ठेव, वॉशिंग मशीनपाशी."

प्रणाली म्हणाली, "अश्विन, ऐक जरा..."

"ठेव म्हटलं ना!"

फडक्याने काठ धरून लीलावतीबाईंनी स्वतः ते पातेलं उचललं आणि मागच्या दाराने बाहेर नेऊन ठेवलं. परत आल्या तेव्हा त्यांचे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मी ते पाहिलं आहे.

मला त्या दिवशी फ्रीजरमध्ये कोंबलं गेलं. हो, फ्रीजरमध्ये, मटारच्या पाकिटावर. वाइन थोडी थंड असावी, मान्य. पण गोठवायची? मी आतून आखडून गेले. तशीच मला टेबलावर नेलं.

वसुंधराताईंनी माझ्यावरचा किल्ला पाहिला आणि खूश झाल्या. "रेड वाइन म्हणजे चीज आणि चॉकलेट. बाकी कशाबरोबर घेऊच नये," असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. तानाजीरावांनी पेल्यात बर्फाचे खडे टाकले. आधीच गोठलेल्या मला पाणचट केलं. त्यावर पुदिन्याची चटणी खाल्ली. पुदिना आणि मी एकत्र आलो की तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतं. त्यावर कहर म्हणजे गुलाबजाम! पाकाच्या गोडीपुढे मी आंबट आणि कडूजहर होणार नाही तर काय होणार?

"कडवट आहे हो," वसुंधराताई ओठ मुडपत म्हणाल्या. "स्वस्तातली दिसतेय. फसवलं तुम्हाला."

अश्विनचे कान लाल झाले. आणि मी? माझी चूक काय होती? मला उन्हात ठेवलं, गोठवलं, बर्फात बुडवलं, पाकावर ओतलं, आणि शेवटी नावं मलाच ठेवली. प्रणालीने मला उचलून निम्मी भरलेलीच स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवलं, मागच्या दाराशेजारी. दार उघडं होतं. अंगणात तानाजीरावांचा ड्रायव्हर हारून खुर्चीवर बसून जेवत होता.

हारून रत्नागिरीकडचा. गाडीत थांबला होता, तिथून लीलावतीबाईंनी त्याला हाक मारून आत घेतलं होतं. आधी विचारलं, "हे रुस्ताकच्या खाटकाकडचं, हलाल हाये. खाशीन का बाबू?" मग ताट, भाकरी, कांदा, आणि त्या पातेल्यातली वजडी वाढली.

"मावशी, आमच्याकडं पन बनवतात," हारून तोंड भरून म्हणाला. "पन हा मसाला वेगला हाय. जबरदस्त."

इतक्यात तानाजीराव मागे आले. हात धुण्याच्या निमित्ताने उठले होते, पण नाक त्यांना पुढे घेऊन आलं. त्यांनी हारूनच्या ताटाकडे पाहिलं. मग पातेल्याकडे पाहिलं. मग मागे वळून दिवाणखान्याच्या दाराकडे पाहिलं.

"काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"वजडी, साब."

पुढचं मी सांगते ते अगदी तसंच घडलं. तानाजीरावांनी झाकण उचललं, डावाने वजडी काढली आणि उभ्या उभ्याच खाल्ली. पुन्हा घेतली. पुन्हा घेतली. त्यांचे डोळे मिटले होते. "आमची आई करायची," ते म्हणाले, कुणाला म्हणाले कोण जाणे. ड्रायव्हर खुर्चीवर बसून, भाकरी मोडून, निवांत जेवत होता. आणि त्याचा साहेब वॉशिंग मशीनच्या आडोशाला उभा राहून डावातून खात होता.

लीलावतीबाई दारात आल्या. त्यांनी एक स्वच्छ ताट पुढे केलं.

"बसून खा, साहेब. चोरून खायासारखं काही नाही त्याच्यात."

तानाजीराव दचकले. रुमालाने तोंड पुसलं. "नको, नको. झालं माझं. छान आहे हं," ते पुटपुटले, आणि आत निघून गेले.

ओट्यावरून दिवाणखाना दिसत होता आणि तिथलं बोलणंही स्पष्ट ऐकू येत होतं.

"कुठे होता इतका वेळ?" वसुंधराताई.

"हात धूत होतो."

"काहीतरी उग्र वास येतोय हो मघापासून. मळमळल्यासारखं होतंय."

मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. मला मनापासून वाटलं.

"शेजाऱ्यांकडचा असेल," तानाजीराव म्हणाले.

मित्रांनो, माझ्या काचेला तडा कसा गेला नाही, हेच नवल! मसाल्याचं बोट अजून पुसलं गेलं नव्हतं त्याचं. लीलावतीबाईंनीही ते ऐकलं. त्यांनी पदर खोचला आणि सरळ दिवाणखान्यात गेल्या.

"शेजारी नाही, बाई. ह्या घरातलाच वास हाये तो. म्या वजडी केली आज. ज्याले पाह्यजे त्याले वाढतो."

त्यांनी तानाजीरावांचं नाव घेतलं नाही. एका शब्दाने त्याची फजिती करता आली असती, पण केली नाही. फक्त त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. तो आपल्या मोज्यांकडे पाहत होता. "नको हं, आम्ही असलं खात नाही," वसुंधराताई म्हणाल्या, आणि थोड्याच वेळात पाहुणे गेले.

गाडी गेल्याचा आवाज आला आणि अश्विनचा आवाज चढला.

"काय गरज होती, आई? माझी मान खाली घातलीस. काय इज्जत राहिली माझी ऑफिसात?"

लीलावतीबाई शांतपणे म्हणाल्या, "ऐक बाबू. तुह्या बापाले मटन परवडत नव्हतं. खाटीक जे फेकाले निघे, ते म्या आनलं, घासलं, शिजवलं. तेच खाऊन तू इंजिनेर झाला. वजडी बाहेर ठेवशीन, तं मलेही बाहेरच ठेव. आम्ही दोघी एकाच घरच्या होय."

अश्विन काही बोलणार, तोच प्रणाली मध्ये आली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मान कुणी खाली घातली ते सांगू? तुझे साहेब मागे उभे राहून पातेल्यातून खाऊन गेले. मी खिडकीतून पाहिलं. तीनदा घेतली. आईंनी ताट दिलं तर पळून गेले. आणि आत येऊन म्हणतात, शेजाऱ्यांचा वास!"

अश्विन खुर्चीवर बसला. मग उठून मागच्या अंगणात गेला आणि ते पातेलं दोन्ही हातांनी उचलून आत घेऊन आला. हॉटेलचे डबे त्याने कोपराने बाजूला सारले आणि पातेलं जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं. आईला खुर्ची ओढून दिली. "वाढ," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

तिघं जेवायला बसली. थोड्या वेळाने अश्विनची नजर माझ्यावर गेली. त्याने आईकडे पाहिलं.

"माह्या ताटापासून दूर," त्या म्हणाल्या. "शील माह्यं हाये, तुह्यावर जबरदस्ती नाही. पन बेतानं."

मधल्या वेळात माझा गारठा गेला होता. हवा लागून मी मोकळी झाले होते. अश्विनने बर्फ न घालता थोडीशी ओतली, वजडीचा घास खाल्ला आणि एक घोट घेतला. काय झालं ते नीट सांगते. वजडीची चरबी जिभेवर पसरली होती. माझ्यातला तुरटपणा तिच्यावर आला आणि विरघळला. भाजलेल्या खोबऱ्याचा धूर माझ्या लाकडी पिंपाच्या वासाला भेटला. तिखट बेताचं होतं म्हणून ठीक. फार तिखटाशी माझं भांडण होतं, जीभ पेटते. इथे भांडण नव्हतं. माझ्यातलं द्राक्ष गोडसर होऊन वर आलं.

"ही तीच बाटली?" प्रणालीने घोट घेऊन विचारलं.

तीच. तीच होते मी. सकाळपासून तीच होते.

पुढच्या शुक्रवारी दुपारी हारून एकटाच आला. हातात रिकामा स्टीलचा डबा. ओशाळून म्हणाला, "साहेबांनी दिलाय, मावशी. असल तर भरून द्या म्हनाले. म्याडमना सांगू नका म्हनाले."

वजडी होती. लीलावतीबाईंनी आधी हारूनला टेबलापाशी बसवून पोटभर जेवू घातलं. मग तो डबा होता तसाच, रिकामा, त्याच्या हातात दिला.

"साहेबाले सांग, ह्या घरी ताटात वाढतात. समोरच्या दारानं यावं, बसावं, जेवावं. डबा भेटनार नाही."

तानाजीराव आले नाहीत. पुढे कित्येक वर्षं ते मस्कतमध्येच होते, आणि आले नाहीत. हारून मात्र गाडी घेऊन इकडून गेला की बेल वाजवायचा, आणि आत येऊन बसायचा.

मित्रांनो, वाइनला उन्हात ठेवू नका, तिच्यात बर्फ टाकू नका, हे मी सांगू शकते. पण ते तुमच्या फारसं कामाचं नाही. कामाचं एवढंच. ज्या अन्नावर तुम्ही वाढलात, ते पाहुणे येणार म्हणून बाहेर ठेवू नका. आणि ते जमलं नाही, कधी भूक अनावर होऊन कुणाच्या मागच्या अंगणात उभ्याने चोरून खाल्लंतच, तर आत येऊन त्या घरच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात, 'शेजाऱ्यांचा वास आहे' म्हणू नका. तेवढी तरी लाज बाळगा.